आवतणावाचून



वाचकहो, गेल्या वर्षी नातीच्या लग्नाच्या पत्रिका काढल्या. यादी करायला घरातली सगळी मंडळी ओसरीवर बसली. हे नाव राहिले तर ते रुसतील, त्यांना दिली तर यांना का नाही, अशी दोन तास वादावादी. पलीकडे बसलेला धाकटा नातू मध्येच म्हणाला, "आबा, तुम्ही दर वर्षी पंढरपूरला जाता. तुम्हाला तिथनं पत्रिका कोण पाठवतं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री झोप येईना. पन्नास वर्षे कीर्तनाला उभा राहिलो, आळंदीला जोग महाराजांच्या संस्थेत चार वर्षे पूर्वपक्ष-उत्तरपक्ष घोकले, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आणि उत्तर शोधू लागलो तसतशा घरातल्याच काही जुन्या गोष्टी वर आल्या. त्या सांगाव्यात की नाही, असे पुष्कळ दिवस मनात होते. आता वय सत्त्याहत्तर आहे. सांगून टाकतो.

आपल्याकडे बोलावण्याच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. लग्नाला अक्षत, जेवणाला आवतण, सासरी असलेल्या लेकीला माहेरचे मूळ, कीर्तनकाराला नारळ. आवतण नसताना जो पंगतीला येऊन बसतो त्याला आपण आगांतुक म्हणतो, आणि तो शब्द उच्चारताना आपले नाक थोडे मुरडते. पण अतिथी म्हणजे तरी दुसरा कोण? तोही न बोलावता आलेलाच. माणूस एकच, दारही एकच. दारात उभा असलेला त्याच्याकडे कसा पाहतो त्यावर नाव बदलते.

अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही, असे आम्ही कीर्तनकार सर्रास सांगतो. मीही शेकडो वेळा सांगितले. यास्काचार्यांच्या निरुक्तात मात्र हा शब्द जाणे-हिंडणे या अर्थाच्या धातूकडे नेला आहे, आणि दुसरा पर्याय देताना त्यांनी उलटेच सांगितले आहे, की जो तिथींना परक्याच्या घरी येतो तो. मनुस्मृतीचे म्हणणे तिसरेच. जो एकच रात्र राहतो, ज्याचे राहणे नित्य नाही, तो अतिथी. मला यास्कांचा दुसरा अर्थ वारकऱ्यासाठी फार आवडतो. आपण तिथी पाहूनच निघणारे लोक आहोत. दशमीला पोचायचे, एकादशी साधायची, पौर्णिमेला गोपाळपुरी काला करून परत फिरायचे.

आणि खरेच, एवढा मोठा सोहळा, पण कोणाला बोलावणे नाही. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा घातली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या सोहळ्याला आजची शिस्त दिली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला. आज रथापुढे २७ दिंड्या, प्रत्येकीचा नंबर ठरलेला, चोपदाराचा दंड उंचावला की लाखाचा समाज गप्प. इतके सगळे बांधलेले आहे, तरी या व्यवस्थेत निमंत्रण पाठवणारा कोणी नाही. ज्यांनी दिंडीत भिशी भरली ते दिंडीत जेवतात. ज्यांनी कोठेच नाव घातले नाही ते दिंड्यांच्या अवतीभोवती, पुढे-मागे चालतात. त्यांना आपण मोकळा समाज म्हणतो. किती छान शब्द आहे पाहा. आगांतुक नव्हे, मोकळा.

शंका अशी येते की, न बोलावता जाणे हे शास्त्राला मान्य आहे काय? आपण पंढरीला माहेर म्हणतो, पण माहेरी जायला लेकीला मूळ यावे लागते. यावर माझे म्हणणे असे, की ते मूळ सासरच्या समजुतीसाठी असते. माहेरच्या दाराला त्याची गरज नसते. तरी एक कथा आडवी येतेच. दक्षाने यज्ञ मांडला, सगळ्या देवांना बोलावले, लेकीला आणि जावयाला वगळले. सती जायला निघाली. भागवताच्या चौथ्या स्कंधात हा संवाद मोठा मार्मिक आहे. ती म्हणते, मित्राच्या, गुरूच्या, आईबापाच्या घरी बोलावल्यावाचूनही जाता येते. महादेव ते नाकारत नाहीत. ते म्हणतात, तुझे खरे आहे, मात्र त्या घरातल्यांची दृष्टी अभिमानाने बिघडलेली नसेल तरच. पुढे यज्ञाचे काय झाले ते आपणाला ठाऊक आहे. कथेत चूक न बोलावता गेलेल्या लेकीची ठरली नाही. यज्ञ मोडला तो बापाचा.

आता आपल्याच मूळ कथेकडे या. पुंडलिकाने देवाला बोलावले होते काय? मुळीच नाही. तो आईबापाचे पाय चेपत बसला होता. देव आपणहून आले, आणि नेमके अडचणीच्या वेळी आले. घरात पाहुणा यावा आणि आपले हात गुंतलेले असावेत, असे होते ना, तसेच. पुंडलिकाने उठून स्वागत केले नाही, आणि हाकलूनही दिले नाही. हाताशी वीट होती, ती मागे टाकली, म्हणाला, थांबा. देव थांबले. घरधन्याने अजून "या, बसा" म्हटलेले नाही, म्हणून अजून उभेच आहेत. ज्या गावाचा देवच आवतणावाचून आलेला पाहुणा आहे, त्या गावात दुसऱ्या कोणाला "तुला इथे कोणी बोलावले" असे विचारायचे, हे मला तरी मोठे धाडस वाटते.

पण ते विचारले गेले. चोखोबांना विचारले गेले.

महिपतीबुवांनी १७६२ साली भक्तविजय पुरा केला, त्यात ही कथा आहे. चोखोबा रोज महाद्वारी येऊन बाहेरूनच दंडवत घालत. एका रात्री देवाने स्वतः त्यांचा हात धरून त्यांना गाभाऱ्यात नेले. बोभाटा झाला. शिवाशिव झाली, देव बाटला, असे ठरून चोखोबांना चंद्रभागेपलीकडे जायला सांगितले. ते गेले. पैलतीरी राहिले, तेथे दीपमाळ उभारली. अलीकडे येऊ देत नाहीत तर तेथून उजेड दाखवावा, एवढेच. कीर्तनात या ठिकाणी श्रोते डोळे पुसतात. मला मात्र हल्ली येथे डोळ्यांत पाणी येत नाही, हिशेब आठवतो. घरधनी हात धरून आत नेतो आणि घरचे नोकर विचारतात, तुला कोणी आत घेतले? मग आगांतुकी कोणाची झाली? न बोलावता आत शिरलेला कोण, चोखोबा की देव आणि भक्त यांच्या मध्ये येऊन उभा राहिलेला?

शके १२६०, म्हणजे १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली. तिच्याखाली मजूर सापडले, त्यांत चोखोबा होते. नामदेवराय तेथे गेले, अस्थी शोधल्या, आणि परंपरा सांगते की ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली. त्या पंढरीला आणून महाद्वारापाशी समाधी दिली. नामदेवरायांची पायरीही तेथेच. मेल्यावर देह आला, तोही दारापर्यंत आला. आत नाही.

आता थोडे शास्त्र सांगतो, कंटाळू नका. कठोपनिषदात नचिकेता यमाच्या घरी जातो. यम घरी नसतात. पोर तीन रात्री उपाशी बसून राहते. यम परत येतात आणि साक्षात मृत्यू त्या पोराला नमस्कार करतो, क्षमा मागतो, एकेका रात्रीसाठी एकेक वर देतो. का? तर दारी आलेला अतिथी उपाशी राहिला तर गृहस्थाची आशा, पुण्य, पुत्र, पशू, सगळे जाते. स्मृतिपुराणांनीही हेच बजावले आहे, की निराश होऊन परतणारा अतिथी आपले पाप ठेवून गृहस्थाचे पुण्य घेऊन जातो. शास्त्री म्हणतील, उपनिषदात शब्द ब्राह्मण अतिथी असा आहे. आहे, नाकारत नाही. पण विष्णुपुराण गृहस्थाला सांगते, वैश्वदेव झाल्यावर गाईची धार काढायला लागतो तेवढा वेळ अंगणात उभा राहून कोणी येतो का ते पाहा, आणि जो येईल त्याचे अध्ययन, गोत्र, आचरण, कुळ न विचारता त्याला हिरण्यगर्भ समज. न विचारता, असे स्पष्ट आहे. आम्ही हे पाठ केले होते. परीक्षेत गुणही मिळवले.

यमाला तीन रात्रींचे भय वाटले. १३३८ ते १९४७ या सहाशे नऊ वर्षांच्या रात्री मोजून पाहा.

मध्ये कोणी विचारलेच नाही असे नव्हे. पंढरीत नव्हे, पण नाशिकला २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. वर्षानुवर्षे चालला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्याला त्यांनी जाहीर केले, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. आमच्या लहानपणी मोठी माणसे या घटनेबद्दल रागाने बोलत. मला त्यात राग येण्यासारखे काही दिसत नाही. पाहुणा दारातून परत गेला. बरोबर काय घेऊन गेला, ते वर सांगितलेच आहे.

मग पंढरीत साने गुरुजी आले. त्यांनी आधी उपोषणाचा निश्चय केला होता, तो ज्येष्ठांच्या आग्रहावरून पुढे ढकलून ते महाराष्ट्रभर हिंडले. गावोगाव सभा घेतल्या, कित्येक ठिकाणची देवळे, पाणवठे खुले झाले. पंढरीचे दार मात्र बंदच होते. १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण सुरू केले. ही जागा वारकऱ्याच्या मठातली होती, हे आपण अभिमानाने सांगतो, सांगावेच. पण गावात विरोध किती होता तेही सांगावे. गांधीजींनीसुद्धा उपोषण सोडा असे कळवले होते. गुरुजी हटले नाहीत. मावळंकरांनी मध्यस्थी केली, १० मे रोजी उपोषण सुटले आणि मंदिर सर्वांना खुले व्हायचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी मुंबई सरकारचा मंदिरप्रवेशाचा कायदाही आला.

यातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. गुरुजींना स्वतःला त्या दारात कोणीच अडवले नसते. ज्याला आत जायला मोकळीक होती तो बाहेर बसला. उपाशी बसला.

आणि आता ती घागर. मंदिर खुले होणार असे दिसताच काही कर्मठ मंडळींनी मूर्तीतले देवाचे तेज मंत्राने पाण्याच्या घागरीत काढून घेतले, म्हणजे आत उरला तो नुसता दगड, असे सांगितले गेले. आज आपण हसतो. त्या वेळी पुष्कळांनी हे खरे मानले.

माझ्या आजोबांनी खरे मानले.

हे लिहायला जड जाते. आजोबा गळ्यात माळ असलेले, ज्ञानेश्वरी तोंडपाठ असलेले, गावात शब्दाला मान असलेले वारकरी. आमचे गाव पंढरीहून चार मजलांवर. घरात सोवळे कडक. १९४७ नंतर त्यांनी वारी चुकवली नाही. माळ घालताना दिलेला शब्द ते मोडणारे नव्हते. पण दर्शन सोडले. चंद्रभागेचे स्नान, पुंडलिकाचे दर्शन, नगरप्रदक्षिणा, मग महाद्वारापाशी येऊन कळसाला हात जोडायचे आणि परत. असे वर्षामागून वर्ष.

१९५६च्या आषाढीला त्यांनी मला प्रथम बरोबर नेले. मी आठ वर्षांचा. पाय सुजले होते, पण विठोबा दिसणार म्हणून तोंडातून चकार शब्द काढला नाही. महाद्वारी आलो तर आजोबा बाजूला जाऊन उभे राहिले. लोक आत चाललेत आणि आम्ही उभे.

"आजोबा, आत का नाही जायचं?"

"आत देव नाही."

"मग कुठं आहे?"

"घागरीत काढून ठेवलाय."

"मग घागरीकडं जाऊ या की. कुठं आहे घागर?"

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांना ठाऊक नव्हते. मला आज वाटते, नऊ वर्षांत त्यांनीही हा प्रश्न स्वतःला विचारला असणार आणि विचारून दडपला असणार.

तेवढ्यात दर्शन घेऊन एक म्हातारी आमच्याकडे आली. लुगड्याला ठिगळे, कपाळभर बुक्का, हातात कागदाची पुडी. माझ्याकडे पाहून म्हणाली, "दमलं जणू लेकरू." मग आजोबांकडे तिचे लक्ष गेले, त्यांचा पांढराशुभ्र फेटा, कपाळीचा गंध. आणि ती दोन पावले मागे सरून थांबली. तेवढ्यावरून आजोबांनी काय ते ओळखले. पाहा वाचकहो, देवाच्या पायांवर डोके ठेवून आलेली बाई, पण माणसापासून दोन पावले दूर उभी राहिली. देवाला शिवायला ती शिकली होती, माझ्या आजोबांना शिवण्याची तिची छाती नव्हती.

"बुवा, आत न्हाई गेला व्हय? गर्दी न्हाई आता. जावा की. कोन न्हाई म्हनतंय?"

आजोबांनी उत्तर दिले नाही. तिने पुडी उघडली, चिमूटभर बुक्का घेतला आणि हात पुढे केला. मी कपाळ पुढे केले, तिने मला लावला. आजोबांपुढे तिचा हात अडखळला. मग हात जरा वर धरून तिने वरून टाकायची खूण केली. शिवाशिव होऊ नये म्हणून वस्तू वरून टाकायची रीत होती तशी. आजोबांनी तळहात पुढे केला. बुक्का पडला. ते पुष्कळ वेळ त्या तळहाताकडे पाहत राहिले. ती निघून गेली होती. मग त्यांनी तो कपाळाला लावला आणि उरलेला हात समोरच्या समाधीच्या दगडाला पुसला. तो दगड चोखोबांच्या समाधीचा होता. नऊ वर्षे ते चोखोबांच्या जागी उभे होते आणि हे त्यांना ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. त्यांना सगळे ठाऊक होते.

त्या वर्षी आम्ही आत गेलो नाही. पुढच्या वर्षी स्नान झाल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि सरळ दर्शनबारीत जाऊन उभे राहिले. घरी आल्यावर आजीने विचारले, "गेलात का?" ते म्हणाले, "गेलो." यापलीकडे या विषयावर ते मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आजोबांचे सांगितले, तर माझेही सांगितले पाहिजे. नाहीतर मेलेल्या माणसाचे दोष काढून आपण मोकळे, असे होईल.

१९७४ किंवा ७५ साल असेल. एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. काल्याचे आणि त्याआधीचे, अशा दोन कीर्तनांचे नारळ मला आले होते. आदल्या रात्री मी नाथमहाराजांच्या घरच्या श्राद्धाची कथा लावली. पैठणला नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झालेला, रस्त्याने जाणाऱ्या भुकेल्या अंत्यज कुटुंबाला त्याचा वास येतो, लेकरू आईला म्हणते असले अन्न आपल्याला कधी मिळेल, नाथ ते ऐकतात आणि आवतण दिलेले ब्राह्मण यायच्या आत तो सगळा स्वयंपाक त्या न बोलावलेल्यांना वाढतात. मग ब्राह्मण रुसतात, जेवायला येत नाहीत, आणि साक्षात पितर येऊन पानावर बसतात. म्हणजे आवतण होते ते आले नाहीत, आवतण नव्हते ते दोघे जेवून गेले. माझा आवाज तेव्हा चांगला होता. मंडप हुंदके देत होता.

दुसऱ्या दिवशी काला झाला, महाप्रसादाच्या पंगती बसल्या. देवळाच्या आवारात एक पंगत, आणि विहिरीच्या पलीकडे, चिंचेखाली, दुसरी. दुसरी कोणाची हे कोणाला सांगावे लागत नव्हते. अस्पृश्यता नष्ट केल्याचे घटनेत लिहून पंचवीस वर्षे होत आली होती. इरावतीबाई कर्वे यांनी 'परिपूर्ती'तल्या 'वाटचाल' या लेखात वारीतल्या वेगवेगळ्या चुलींबद्दल आणि पंगतींबद्दल खंत लिहिली, ती १९४९ साली. मी तो लेख तेव्हा वाचलेला नव्हता. पण चिंच तर दिसत होती.

मी मानाच्या जागी, पंगतीच्या सुरुवातीला बसलो होतो. एक विशीतला मुलगा आला आणि आमच्या ओळीत शेवटच्या रिकाम्या पत्रावळीवर बसला. स्वच्छ सदरा, बहुधा शाळा शिकलेला. वाढपी थांबला. गावचा एक मोठा माणूस आला, मुलाच्या दंडाला धरून म्हणाला, "तुला इथं कुणी बोलावलं रं?"

मुलाने त्याच्याकडे पाहिले नाही. त्याने माझ्याकडे पाहिले.

आदल्या रात्री तो कीर्तनाला होता, हे मला त्या नजरेवरून कळले. मला एवढेच म्हणायचे होते, की मी बोलावले. दोन शब्द. मी भातात आमटी कालवत होतो. मी ती कालवत राहिलो. मला पुढच्या वर्षीचा नारळ दिसत होता, खोटे कशाला सांगू? मुलगा उठला. चिंचेखालीही गेला नाही. वेशीकडे चालता झाला. कोणीतरी त्याची पत्रावळ उचलून नेली आणि वाढपी पुढे सरकला.

त्यानंतर पंचवीस-तीस वर्षे मी नाथांच्या श्राद्धाची कथा लावली नाही. श्रोते सांगत, महाराज, ती श्राद्धाची कथा होऊ द्या. मी दुसरे काहीतरी लावी.

आता गळा गेला, गुडघे गेले. नारळ येत नाहीत. गेल्या माघात मनाने घेतले आणि एसटीने त्या गावी गेलो. सप्ताह चालू असतो त्याच दिवसांत. मला कोणी बोलावले नव्हते आणि कोणी ओळखलेही नाही. विण्याशी उभा असलेला मुलगा माझ्या नातवाच्या वयाचा. मंडपात मागे खांबाला टेकून बसलो. कीर्तन ऐकले, मुलगा चांगला बोलला. मग दोघा-तिघा म्हाताऱ्यांना त्या मुलाबद्दल विचारून पाहिले. नाव मला ठाऊक नव्हते, मग काय विचारणार? एक जण म्हणाला, तिकडची बरीच पोरे त्या काळात मुंबईला गेली ती परत आली नाहीत. दुसऱ्याला ती पंगतच आठवत नव्हती. चिंच तोडून तेथे आता पाण्याची टाकी बांधली आहे.

पंगत एकच होती. मी शेवटच्या टोकाला, जेथे जागा दिसली तेथे बसलो. बसताना दंडाला कोणी धरील असे उगाच वाटून गेले. वाढायला आलेल्या पोराने विचारले, "बाबा, कुठलं गाव?"

मी गावाचे नाव सांगितले. त्याने पुढे काही विचारले नाही. पत्रावळीवर भात घातला, वर आमटीसाठी खळगा करा म्हणाला, आणि पुढच्या माणसाकडे गेला.